विकायची आहे, जशी आहे तशी

ये हिझा, बस. चहा टाकलाय.
गाडी ही इथेच. भिंतीला टेकवलेली नाही, नीट बघ,
स्वतःच्या पायावर उभी आहे.
त्या पायाखाली मासळीचा डबा आहे, ठोकून सपाट केलेला.
नाहीतर म्लालोच्या चिखलात स्टँड असा शिरतो
जसा एखादा पाहुणा घरात:
आधी टाच, मग गुडघा, मग सगळं बिऱ्हाड.

कंपनी विचारू नकोस.
टाकीवरची अक्षरं दुसऱ्याच वर्षी उडाली.
त्या जागी मी काही लिहिलं नाही. काय लिहिणार?
इंजिन त्यांचं. बाकी इथल्या उकिरड्याचं.

हँडलवरचे हे पिवळे पंजे
म्हणजे पाच लिटर गोडेतेलाचा कॅन,
मधोमध कापलेला.
सोनीच्या वळणांवर पहाटे असं धुकं असतं
की ब्रेक दाबला की नाही
हे बोटांना उतार संपल्यावर कळतं.
कॅन लावल्यापासून बोटं माझी झाली.
अक्षरं तेवढी उलटी लागलीत,
तेलाचं नाव वाचायला आधी पडावं लागतं.
मी दोनदा वाचलंय.

दिव्यावरचा कागद लिमलेटच्या गोळीचा.
पांढरा उजेड धुक्यावर आपटून तोंडावर परत येतो,
पिवळा थोडा आत सरकतो,
निदान मला तसं वाटतं, आणि त्या उतारावर
वाटणं हेही ब्रेकइतकंच लागतं.
कागद महिन्याला बदलायचा.
म्हणजे गोळी कुणीतरी खायची.
माझे दात बघ.

कॅरियर म्बेल्वाने जोडून दिला,
मशिदीच्या स्लॅबमधून उरलेल्या सळईचा.
कोबीची तीन पोती. एकदा आख्खं कपाट,
दाराला आरसा, आणि आरशात मागचा सगळा रस्ता.
तडा नाही गेला. बाईने भाडं मात्र
कपाट उघडून, मोजून दिलं, आत काही राहिलं का बघून.

पेट्रोलचा काटा मेलाय. ही घे छत्रीची काडी.
वरची खाच: मोम्बोला जाऊन ये.
मधली: जा.
खालची: भाडं आधी घे.

आणि ही नळी, सीटखालून चेनवर उतरलेली,
सलाइनची.
आई अकरा दिवस मिशनच्या दवाखान्यात होती.
शेवटी नर्स टाकून द्यायला निघाली, मी मागून घेतली.
हे चाक फिरवलं की मिनिटाला दोन थेंब, जळकं तेल.
जास्त सोडू नकोस.
तिलाही दोनच चालायचे.

का विकतो? गुडघा.
बारा लाख शिलिंग, त्याखाली एक नाही.
तुझा बाप सिंगानो माझा दोस्त, म्हणून चहा फुकट.

काय म्हणालास?
कॅनची मूठ का कापली?

थांब. पुन्हा सांग.
मूठ ठेवली असती तर तीच
आरशाच्या दांड्यात अडकली असती,
आणि या चार तारा
लागल्याच नसत्या.

चार वर्षं, हिझा.
दर शनिवारी पकड घेऊन मी या तारा आवळतोय.
प्रत्येक तारेने एकदा तरी माझं बोट फाडलंय.
आणि तू, मिसरूड न फुटलेला,
चहाचा पहिला घोटही न घेता...

हसू नकोस. बरोबर आहे तुझं.
साडेअकरा दे.
नाही, पैसे नंतर. आत फळीवर
कॅन आहे, बोटभर तेल उरलंय तळाशी,
ते कढईत ओत, बायकोला सांग मी सांगितलंय.
सुरी मी चुलीत ठेवतो.
लाल झाली की हाक मारीन.
कापायचा तू.